बोर्डेनच्या मागावर: काय खायचं, कुठे आणि मुख्य म्हणजे किती वाजता

नकाशेवाला

अमेरिकन शेफ अँथनी बोर्डेनच्या खाण्या-फिरण्याच्या टीव्ही मालिकांचे भाग पाहून प्रवास आखणारे इथे बरेच आहेत आणि प्रश्नही फिरून फिरून तेच येतात. अमुक भागातलं ते दुकान कुठलं, अजून चालू आहे का, तिथे गेल्यावर नक्की मागवायचं काय. सगळं एका धाग्यात असावं म्हणून हा प्रपंच. ज्यांना जी जागा किंवा जो पदार्थ नीट माहीत आहे त्यांनी भर घालावी. "मस्त होतं, नक्की जा" असले प्रतिसाद कृपया नकोत.

आधी कुठल्या मालिकेचा काय उपयोग ते. 'अ कुक्स टूर' (२००२-०३) आता जुनं झालं, पत्त्यांसाठी त्याच्या वाटेला जाऊ नका. 'नो रिझर्व्हेशन्स' (२००५ ते २०१२) मध्ये खाणं सर्वांत जास्त, पण त्यातली निम्मी ठिकाणं तपासूनच घ्यावी लागतात. 'पार्ट्स अननोन' (२०१३ ते २०१८) मध्ये राजकारण आणि माणसं जास्त, जेवणाची दृश्यं कमी पण नेमकी. आखणीला सर्वांत सोयीची मालिका म्हणजे दोनच वर्षं चाललेली 'द लेओव्हर'. एका शहरात २४ ते ४८ तास मिळाले तर काय करावं, एवढाच तिचा विषय. विमानतळावरून शहरात कसं यायचं इथपासून सुरुवात.

बोर्डेन जून २०१८ मध्ये गेला. त्याचे ताजे म्हणावेत असे पत्तेही तेव्हाचेच. त्याची साहाय्यक लॉरी वूलेव्हर हिने पूर्ण करून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेलं प्रवासाचं पुस्तक हाताशी असेल तर तिथून सुरुवात करा, पण त्यानंतर प्रत्येक जागेचे गेल्या तीन महिन्यांतले फोटो नकाशावर पाहा. गुणांकन नाही, फोटो. पाटी बदललीय का, स्टूल जाऊन खुर्च्या आल्यात का, फलकावर एका पदार्थाचे वीस झालेत का, हे फोटोत लगेच कळतं.

दुसरं म्हणजे वेळ. पत्ता बरोबर आणि वेळ चुकली, हेच जास्त वेळा होतं. व्हिएतनाममध्ये, सिंगापुरात, स्पेनच्या बास्क प्रांतात जेवणाच्या वेळा पदार्थाला बांधलेल्या असतात. सकाळचं सूप दुपारी दोनला मागितलं तर एक तर मिळत नाही किंवा तळाचं, आटून खारट झालेलं मिळतं. मग लोक लिहितात की बोर्डेनने उगाच डोक्यावर घेतलं होतं.

अर्धीवाटी

धाग्याची गरज होतीच. हनोईपासून सुरू करते, कारण सगळे तिथूनच सुरू करतात.

ओबामा आणि बोर्डेन २३ मे २०१६ रोजी जिथे बसले ते 'बुन चा हुओंग लिएन', २४ ले वान हू रस्ता. त्या जेवणाचं बिल सहा डॉलर झालं आणि ते बोर्डेनने भरलं. भाग त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दाखवला गेला. ते टेबल आता काचेच्या पेटीत आहे, ताटल्या आणि बाटल्यांसकट. 'ओबामा कॉम्बो' मागितला की बुन चाचा वाडगा, समुद्री माशांचा एक तळलेला रोल आणि हनोई बिअर येते. चव चांगली आहे. हनोईतली सर्वोत्तम म्हणणार नाही.

बुन चा (निखाऱ्यावर भाजलेलं डुकराचं मांस आणि तांदळाच्या शेवया) हे हनोईत दुपारचं जेवण. अकरा ते एक ही खरी वेळ, कारण निखारे तेव्हाच पेटते असतात आणि मांस जाळीवरून थेट वाडग्यात पडतं. हुओंग लिएन संध्याकाळीही उघडं असतं, पण गल्लीतली एकाच पदार्थाची दुकानं दुपारी दोनपर्यंत आवरतात.

खायची पद्धत: वाडग्यात कोमट, आंबटगोड पाणी, त्यात मांस आणि कच्च्या पपईच्या चकत्या असतात. शेवया आणि पाला वेगळ्या ताटलीत. सगळ्या शेवया एकदम वाडग्यात उलटू नका. पाणी पातळ होतं, शेवया गार असल्याने तेही गार होतं आणि चरबी वर गोठते. चॉपस्टिकने दोन घासांपुरत्या शेवया घ्यायच्या, बुडवायच्या, वर थोडा पाला तोडून टाकायचा, खायचं. लसूण-मिरची टेबलावर असते, ती वाडगा चाखून मग घाला.

तिखटजाळ

जाणं जमेल तेव्हा जमेल. बुन चा घरी करायचं तर कुणी मापं देईल का? नेटवरच्या कृतींमध्ये एकात लेमनग्रास आहे, एकात मध आहे, एकात ऑयस्टर सॉस. टिक्क्या जाळीला चिकटून तुटतात, त्यावरही काही असेल तर सांगा.

पाटावरवंटा

चार जणांसाठी लिहितो. लेमनग्रास, मध, ऑयस्टर सॉस यातलं काहीही हनोईच्या पद्धतीत लागत नाही. लेमनग्रास घातला की चव दक्षिणेकडे सरकते.

मांस: डुकराच्या पोटाकडचा भाग ४०० ग्रॅम, आडवे ३ मिमी जाडीचे काप. खांद्याचा खिमा ४०० ग्रॅम, त्यात चरबी तीस टक्के हवीच. बिनचरबीच्या खिम्याच्या टिक्क्या निखाऱ्यावर खडखडीत होतात, आणि चरबी ठिबकून जो धूर उठतो तोही उठत नाही. त्या धुराशिवाय हा पदार्थ म्हणजे नुसतं भाजलेलं मांस आणि साखरपाणी.

आधी कॅरमेल: ४ टेबलस्पून साखर, २ टेबलस्पून पाणी, जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर. ढवळू नका, पातेलं फिरवा. कोऱ्या चहाइतका गडद रंग आला की गॅस बंद, आणि हात लांब ठेवून ४ टेबलस्पून गरम पाणी. गार पाणी घातलंत तर साखर दगड होते आणि उडतेही जास्त. रंग फिका असताना थांबलात तर नुसता गोडवा मिळतो. किंचित कडसरपणा यायला हवा.

मुरवण (दोन्ही मांसांना मिळून): फिश सॉस ३ टेबलस्पून, साखर दीड टेबलस्पून, कॅरमेल दीड टेबलस्पून, मिरपूड १ टीस्पून, सहा छोटे लाल कांदे, चार लसूण पाकळ्या. इथे एक मेख आहे. खिम्यात कांदा-लसूण अगदी बारीक चिरून घाला. कापांना मात्र कांदा-लसूण वाटून, पिळून फक्त रस लावा. कापांवर चोथा राहिला की मांस शिजायच्या आधी तो जळतो आणि काळे कडू ठिपके पडतात. कापांना वरून एक टेबलस्पून तेल. दोन तास पुरे. रात्रभर ठेवलंत तर फिश सॉसच्या मिठाने काप चिवट होतात.

टिक्क्या तुटण्याबद्दल: खिमा एकाच दिशेने तीन-चार मिनिटं घोटा, हाताला चिकट लागेपर्यंत. मग तासभर फ्रीजमध्ये. गार खिम्याच्या ४० ग्रॅमच्या टिक्क्या, जाडी १ सेंमी. दोन पाती असलेली, मिटणारी जाळी घ्या, तिला तेल लावून आधी कडक तापवा आणि मग मांस ठेवा. गार जाळीवर प्रथिन धातूला धरतं, ते सोडवताना टिक्की फाटते. शिवाय मिटणाऱ्या जाळीत उलटताना टिक्कीला हात लावावाच लागत नाही.

निखाऱ्यावर राखेचा पांढरा थर आला की सुरू करा, ज्वाळा असताना नाही. अंतर हाताच्या वितीपेक्षा कमी. टिक्क्यांना दर बाजूला चार-पाच मिनिटं, काप त्याआधीच होतात. ओव्हनमध्ये करायचं तर वरच्या ग्रिलवर, सर्वांत वरच्या कप्प्याच्या एक खाली, ट्रेमध्ये थोडं पाणी घालून. पाणी नसलं तर टपकलेली चरबी ट्रेवर जळते आणि घरभर धूर होतो, वासही तोच मांसाला लागतो. तव्यावर करता येतं, पण कॅरमेल तव्याला लागतं, म्हणून मुरवणातलं कॅरमेल निम्मं करा.

वाडग्यातलं पाणी: फिश सॉस १ भाग, साखर १, तांदळाचं व्हिनेगर १, पाणी ५. चौघांना १०० मिली, १०० ग्रॅम, १०० मिली आणि अर्धा लिटर. पाणी-साखर गरम करून विरघळवा, गॅस बंद करा, मग फिश सॉस आणि व्हिनेगर. फिश सॉस उकळला की वास उग्र होतो. हे पाणी चमच्याने पिता आलं पाहिजे. पिताना तोंड वाकडं झालं तर पाणी वाढवा. वाढताना कोमट हवं, आणि जाळीवरचं मांस गरम असतानाच त्यात टाकायचं, म्हणजे करपलेल्या कडांची चव पाण्यात उतरते.

लोणचं: कच्ची पपई २०० ग्रॅम आणि एक गाजर, २ मिमीच्या चकत्या. पपई नसेल तर नवलकोल, तोही तितकाच अस्सल. एक टीस्पून मीठ लावून १५ मिनिटं, घट्ट पिळा, मग दोन टेबलस्पून व्हिनेगर आणि तितकीच साखर, अर्धा तास. पिळायचा कंटाळा केलात तर त्यांचं पाणी वाडग्यात सुटतं आणि वरचं सगळं माप बिघडतं.

शेवया: तांदळाच्या, बारीक, कोरड्या ३०० ग्रॅम. उकळत्या पाण्यात पाकिटावरच्या वेळेइतक्या, मग गार पाण्याखाली चोळून धुवायच्या. निथळून छोटे छोटे गुंडे करून अर्धा तास उघड्यावर ठेवा. लगेच वाढल्या तर पाणी धरून ठेवतात.

पाला: पेरिला आणि किन जोई मिळाले तर उत्तम. नाही तर लेट्यूस, पुदिना, कोथिंबीर. आपली तुळस घालू नका, ती एकटीच बोलत राहते.

तिखटजाळ

वा! फिश सॉस कुठला घ्यावा? बाटल्यांचे भाव एकमेकांच्या चौपट असतात.

पाटावरवंटा

बाटलीच्या मागे पाहा. घटकांत मासा आणि मीठ एवढंच असावं, फार तर थोडी साखर. पाणी आधी, मग मासळीचा अर्क, चव वाढवणारे पदार्थ, रंग अशी यादी असेल तर ठेवून द्या. व्हिएतनामी बाटल्यांवर ३०, ३५, ४० असा आकडा आणि पुढे एन असतो. तो नायट्रोजनचा, म्हणजे मासा किती उतरलाय त्याचा. मुरवणाला ३० चालतो. वाडग्यातल्या पाण्याला ४० वापरलात तर पाणी पाचऐवजी सहा भाग घ्या. फु क्वोक बेटाच्या फिश सॉसला २०१२ पासून युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे, तिथे विकल्या जाणाऱ्या बाटलीवर ते नाव असेल तर डोळे झाकून घ्या.

मीठमोहरी

डुकराचं मांस न खाणाऱ्यांनी काय करायचं?

पाटावरवंटा

कोंबडीच्या मांड्या, कातडीसकट, खिमा करून. छातीचा खिमा नको. कातडी असूनही चरबी कमी पडते, म्हणून ४०० ग्रॅमला एक टेबलस्पून तेल घोटताना घाला. दर बाजूला चार मिनिटं, आणि आतून पूर्ण शिजलंय हे पाहून मगच उतरवा. चव वेगळी लागेल, पण जेवण नीट होतं.

रस्सापुरे

हनोईत सगळे अडकतात आणि मध्य व्हिएतनाममधलं हुए शहर राहून जातं. बोर्डेनचा २०१४ चा व्हिएतनामचा भाग हुएचा आहे. दोंग बा बाजारात तो बुन बो हुए खातो, आणि त्या सूपला त्याने जगातल्या सर्वोत्तम सूपांत बसवलंय. बाजार नदीकाठी आहे. खाण्याच्या बाकड्यांपर्यंत पोचायला माशांच्या आणि टोप्यांच्या गल्ल्यांतून जावं लागतं. सकाळी सात ते नऊ. दहानंतर रस्सा तळाला लागतो.

वाडग्यात काय असतं: गोल, बुन चापेक्षा जाड शेवया, गाईच्या पायाचं मांस, डुकराच्या पायाचा तुकडा, खेकड्याचा गोळा किंवा मांसाची वडी, गोठवलेल्या रक्ताचा चौकोनी तुकडा. वरून केळफुलाचे पातळ काप, लिंबू, तिखट. रक्त नको असेल तर बसतानाच 'खोंग हुएत' सांगा, वाडगा भरल्यावर नाही.

घरी करणाऱ्यांचं बिघडतं ते बहुतेक तीन ठिकाणी. एक, फोची (गाईच्या मांसाच्या नेहमीच्या व्हिएतनामी सूपची) सवय असलेले चक्रीफूल-दालचिनी घालतात. इथे ते नसतं. लेमनग्रास आणि कोळंबीची आंबवलेली पेस्ट, माम रुओक, यांच्यावरच सगळं आहे. दोन, ती पेस्ट थेट पातेल्यात टाकतात. तीन, तेल करपवतात.

सहा जणांना: गाईची हाडं १ किलो, पायाचं मांस ८०० ग्रॅम, डुकराचा पाय एक, तुकडे करून. सगळं उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, ते पाणी फेकून हाडं धुवायची. मग चार लिटर ताजं पाणी, लेमनग्रासच्या सहा काड्या ठेचून गाठ मारून, एक कांदा अख्खा. फक्त बुडबुडे येतील इतकी आच. जोरात उकळलं की चरबी पाण्यात मिसळते आणि रस्सा पांढरट होतो. डुकराचा पाय सव्वा तासाने काढा, गाईचं मांस दीड तासाने, आणि दोन्ही काढल्या काढल्या गार पाण्यात बुडवा. उघड्यावर ठेवलं की काळं पडतं. हाडं एकूण तीन तास.

माम रुओक दोन टेबलस्पून, ४०० मिली पाण्यात कालवून एकदा उकळा आणि अर्धा तास स्थिर ठेवा. वरचं निवळ पाणीच रश्श्यात ओता, तळाचा गाळ टाकून द्या. गाळ गेला की वाळू आणि कुबट वास दोन्ही जातात, चव राहते. मीठ त्यानंतरच बघा.

रंगासाठी शेंदरीच्या बिया, परदेशी दुकानात अनॅटो नावाने मिळतात त्या. १०० मिली तेलात तीन टेबलस्पून, अगदी मंद आचेवर, तेल नारिंगी झालं की लगेच गाळा. मिनिटभर जास्त झालं तर बिया काळ्या, तेल पिवळं आणि चव कडू. त्याच तेलात बारीक चिरलेला लेमनग्रास तीन टेबलस्पून, थोडा कांदा-लसूण आणि दोन टेबलस्पून भरड तिखट परता. निम्मं रश्श्यात, निम्मं टेबलावर.

मीठमोहरी

या सगळ्यात शाकाहारी माणसाने काय करावं? बोर्डेनचा आणि शाकाहाराचा उभा दावा होता हे माहीत आहे, पण घरात एक जण तरी असतोच.

अर्धीवाटी

हुएमध्येच राहा! बौद्ध मठांचं गाव आहे, 'चाय' अशी पाटी दिसली की तिथे पूर्ण शाकाहारी मिळतं. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, अनेक व्हिएतनामी लोक मांस टाळतात. त्या दिवशी एरवी नसलेल्या शाकाहारी गाड्याही लागतात. बुन बो हुएचंही शाकाहारी रूप असतं, टोफू आणि अळंब्यांचं.

साध्या दुकानात मात्र 'मांस नको' एवढ्याने भागत नाही. भाजीत, चटणीत, टोफूवर फिश सॉस असतोच. 'तोय आन चाय' (मी शाकाहारी खातो) आणि 'खोंग नुओक माम' (फिश सॉस नको) ही दोन वाक्यं लिहून फोनमध्ये ठेवा आणि दाखवा. उच्चारांवर विसंबू नका, सूर चुकला की अर्थ बदलतो.

नकाशेवाला

व्हिएतनामच्या आखणीचं एकदाच लिहून टाकतो.

महिने: ऑक्टोबर-नोव्हेंबर हनोईला छान, पण हुए आणि होई आनमध्ये तेव्हाच पूर येतात. दोन्ही साधायचं तर तेत संपल्यावर, फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत. तेत म्हणजे चांद्र नववर्ष, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यात कधीतरी येतं, आणि रस्त्यावरची घरगुती दुकानं तेव्हा आठवडाभर किंवा जास्त बंद. विमान स्वस्त दिसलं म्हणून त्याच आठवड्यात जाऊ नका.

व्हिसा: ऑगस्ट २०२३ च्या मध्यापासून ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. एकदा प्रवेशाला २५ डॉलर, अनेकदाला ५० डॉलर. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा, हुबेहूब दिसणारी मध्यस्थांची संकेतस्थळं दुप्पट-तिप्पट घेतात.

रेल्वे: हनोई ते हुए ६८८ किमी, रात्रीची गाडी. हुए ते दा नांग साधारण १०० किमी, पण हाय वान घाटामुळे अडीच-तीन तास लागतात. दक्षिणेकडे जाताना डाव्या खिडकीचं आसन घ्या, समुद्र त्या बाजूला. होई आनला स्टेशन नाही, दा नांगहून ३० किमी गाडीने.

पैसे: २०,००० आणि ५,००,००० डाँगच्या नोटा दोन्ही निळ्या. रस्त्यावरच्या दिव्यात पटकन फरक कळत नाही. पाच लाखाची नोट पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि हॉटेलात मोडा. फलकावर ५०के लिहिलं असेल तर ते ५०,०००.

जाडाभरडा

मूळ कल्पनेलाच माझा आक्षेप आहे. होई आनचं बान मी फुओंग घ्या, बान मीचं (भरलेल्या व्हिएतनामी पावाचं) दुकान. 'नो रिझर्व्हेशन्स'मध्ये येऊन गेल्यापासून तिथे रांग. रांगेमुळे पाव आधी कापून, भरून ठेवला जातो. बान मीची सगळी गंमत पावाच्या कवचात. ते पातळ असतं, आतला भाग हलका, भरल्यावर पाच-सात मिनिटांत मऊ पडतो. मग प्रसिद्ध दुकानातलं पंधरा मिनिटं पडून राहिलेलं खायचं की पुढच्या चौकातलं समोर भरलेलं?

रस्सापुरे

भरून ठेवला जातो म्हणून वेळ बदला, दुकान कशाला? सकाळी साडेसहा-सातला स्थानिक लोक कामावर जाताना घेतात, तेव्हा पाव भट्टीतून येत असतो आणि गाडी समोर भरते. अकरानंतर सहलींचे जथे.

भरून ठेवण्यात स्वच्छतेचा प्रश्न मात्र आहेच, आणि तो बान मीच्या कुठल्याही गाडीला लागू आहे. यकृताची पेस्ट, कच्च्या अंड्याचं मेयोनेज, फाडलेली शिजवलेली कोंबडी हे तीन घटक उकाड्यात दोन-तीन तासांत धोकादायक होतात. खप जास्त आणि सकाळची वेळ, हेच त्यातल्या त्यात सुरक्षित. दुपारी घ्यायचंच तर जाळीवरून आत्ता उतरलेलं मांस असलेलं घ्या, पेस्ट-मेयो टाळा. आणि पार्सल घेऊन चार तासांनी बसमध्ये खाऊ नका.

जाडाभरडा

हे पटलं. तरी माझं म्हणणं एवढंच की यादी एका शहरात दोनपेक्षा जास्त ठिकाणांची नको. त्याने ती ठिकाणं शोधली कशी? तर स्थानिक माणसाला बरोबर घेऊन, बाजारात जाऊन, एकच पदार्थ करणाऱ्याकडे बसून. ते करायला यादी लागत नाही. सायगावची 'लंच लेडी' बघा, कालव्याजवळची गाडी, रोज वेगळं सूप. त्या ठिकाणी फलक वाचायचाच नसतो. आज जे आहे ते.

नकाशेवाला

दोनची मर्यादा मान्य. लंच लेडीकडे एक सावधगिरी: बसल्यावर तळलेले रोल, सामोशासारखं काही, न मागता टेबलावर येतं. खाल्लं तर बिल लागतं, नको असेल तर लगेच परत करा. फसवणूक नाही, पद्धत आहे. लिस्बनमध्येही तेच, पाव, लोणी, चीज समोर येतं आणि हात लावला की पैसे.

चिमूटभर

सिंगापूर: मॅक्सवेल फूड सेंटर, तिआन तिआन, हैनानी कोंबडी-भात. सोमवारी बंद. साडेबाराला ऑफिसं सुटतात, त्याआधी अकरापर्यंत पोचा. आधी जागा धरायची (टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं असेल तर ती जागा घेतलेली आहे, पाकीट उचलू नका), मग रांग. सप्टेंबर २०२१ पासून ताट परत ठेवणं बंधनकारक आहे, दंड होतो.

पदार्थाची ओळख कोंबडीने नाही, भाताने करा. घरी करताना चुकतं ते असं: कोंबडी खळखळ उकळतात. १.५ किलोची कोंबडी ८५ अंशांच्या पाण्यात, झाकून, ४५ मिनिटं. मांडीच्या जाड भागात ७४ अंश झाले की थेट बर्फाच्या पाण्यात १५ मिनिटं. उकळलं की कातडी फाटते, मांस दोरे दोरे होतं. बर्फामुळे कातडीखाली जेलीचा पातळ थर धरतो, तीच खूण. भाताला: कोंबडीची चरबी वितळवून दोन टेबलस्पून, त्यात आलं-लसूण मंद परतून, दोन वाट्या धुऊन पूर्ण निथळलेले तांदूळ चमक येईपर्यंत परतायचे, मग पाण्याऐवजी तोच रस्सा आणि पांदानच्या पानांची गाठ. तांदूळ ओले राहिले तर परतले जात नाहीत, भात गिच्च.

अवांतर: बोर्डेनला न्यूयॉर्कमध्ये पिअर ५७ वर सिंगापूरच्या धर्तीवर मोठा खाद्यबाजार काढायचा होता. २०१७ च्या अखेरीला तो बेत रद्द झाला.

अर्धीवाटी

सिंगापूरहून पुढे जमत असेल तर मलेशियातलं कुचिंग. चून हुई कॅफेतला सारावाक लाक्सा तो दोन वेगवेगळ्या मालिकांमध्ये खायला गेला. सकाळचा पदार्थ, दुपारपर्यंतच. कोळंबीच्या कवचांचा रस्सा, थोडं नारळाचं दूध, बारीक शेवया, आम्लेटच्या पट्ट्या. बाजूला येणारं छोटं लिंबू आधी पिळा, तिखट साम्बाल नंतर थोडं थोडं. एकदम कालवलं तर बाकी काही लागत नाही.

तिखटजाळ

युरोपातलं कुणी लिहा ना. सान सेबास्टियन आणि लिस्बन यांपैकी एकच जमणार आहे, चार दिवस.

चिमूटभर

खाण्यासाठीच जाताय तर सान सेबास्टियन. जुन्या शहरात गान्बारा बार, तिथले रानटी अळंब्यांचे काप मधोमध कच्च्या बलकासकट. अळंब्या ऋतूप्रमाणे बदलतात, शरद ऋतूत सर्वांत जास्त जाती.

पण पद्धत समजून घ्या. काउंटरवर मांडलेले गार पिन्चो (एक-दोन घासांचे छोटे पदार्थ) पाहून ताटली भरू नका. फळ्यावर लिहिलेले गरम पदार्थ मागवले की मग करून देतात, खरा स्वयंपाक तिथे. एका बारमध्ये एक किंवा दोन पदार्थ, एक छोटा ग्लास, पुढचा बार. छोटी बिअर 'सुरितो', पांढरी वाइन 'चाकोली'. दुपारी एक ते तीन आणि संध्याकाळी आठनंतर. पाच वाजता गेलात तर सकाळपासून मांडलेले उरलेसुरले. रविवार संध्याकाळ आणि सोमवार बरेच चांगले बार बंद असतात, म्हणून चार दिवस बुधवार ते शनिवार धरा.

जाडाभरडा

लिस्बनला का वगळता? समुद्री खाण्याचं रामिरो आहे ना. आल्मिरांते रेइस रस्त्याच्या सुरुवातीलाच, १९५६ पासूनचं. सोमवारी बंद. दारात यंत्रातून क्रमांक घ्यायचा. दुपारी उघडतानाच गेलात तर रांग टळते.

तिथे बिलाचा धक्का बसतो, कारण भाव किलोचा असतो आणि आपण नग मोजतो. मागवताना ग्रॅम सांगा. दोघांना लसूण-कोथिंबिरीतले शिंपले एक ताट, कोळंबी २०० ग्रॅम, पेर्सेबेस (खडकाला चिकटून वाढणारे कवचधारी जीव) २०० ग्रॅम आणि काराबिनेरो या मोठ्या लाल कोळंबीचा प्रत्येकी एकच नग, तोच सर्वांत महाग. शिंपल्यांचा रस्सा पावाने पुसून घ्यायचा, म्हणून तिथला पाव परत करू नका. शेवटी गोडाच्या जागी प्रेगो, म्हणजे मांसाचा पातळ काप घातलेला पाव, मोहरी लावून. तो सुरुवातीलाच सांगून ठेवलात तर आधी येतो आणि पोट भरतं. शिंपले संपल्यावर सांगा.

तिखटजाळ

पेर्सेबेस खातात कसे? भागात तो पटापट खातो, पण हात दिसत नाहीत.

जाडाभरडा

नखासारखं कठीण टोक एका हाताच्या चिमटीत धरा. दुसऱ्या हाताने त्याच्या लगेच खाली, जिथे काळी खरखरीत कातडी सुरू होते, तिथे नखाने दाबून पिळा. कातडी मोज्यासारखी सुटून येते आणि आत गुलाबी-नारिंगी दांडा राहतो, तेवढाच खायचा. टोक खायचं नाही. पिळताना आतलं पाणी जोरात उडतं आणि त्याचे नारिंगी डाग कपड्यांवरून निघता निघत नाहीत, म्हणून दाबायची बाजू ताटलीकडे ठेवा, समोरच्याकडे नाही. लिंबू पिळू नका, समुद्राच्या पाण्यात उकळलेले असतात, तेवढं मीठ पुरतं. आणि गरम असतानाच खा. गार झाले की कातडी दांड्याला घट्ट धरते आणि सोलताना निम्मा दांडा तुटतो.